पावसाळाभर सिलिका जेलच्या डब्यात चावीची घड्याळं: काय वाचलं, काय नाही

एचएमटी जनता, पायलट यांसारखी जुनी चावीची घड्याळं आणि जोडीला एखाददुसरं नवं ऑटोमॅटिक ज्यांच्याकडे आहे, त्यांना हे उपयोगी पडेल. सामान साधंच: रबराची कड आणि चारी बाजूंना क्लिपा असलेला पाच लिटरचा प्लॅस्टिक डबा, १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (हवेतली ओल शोषणारे दाणे) आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर. हवा रत्नागिरीची, काळ पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंतचा. निकाल आधीच सांगतो. जुन्या घड्याळांना डब्याचा फार मोठा फायदा झाला, नव्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांना जवळजवळ काहीच नाही. बहुतेकांची समजूत नेमकी उलटी असते.

जनताचं मागचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं आणि काच अ‍ॅक्रिलिकची. बाहेरची हवा आत-बाहेर होत राहते, त्यामुळे खोलीत ८५ टक्के आर्द्रता असेल तर काही दिवसांत मशीनपाशीही तेवढीच होते. डायलवर 'पॅराशॉक' लिहिलेलं असतं ते फक्त धक्क्यापासूनच्या संरक्षणाबद्दल, पाण्याशी त्याचा संबंध नाही. अशी घड्याळं डब्यातल्या ४५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवली की आतला दमटपणाही त्याच वाटेने बाहेर येतो. पावसाळा संपल्यावर उघडून पाहिलं तेव्हा चावीच्या दांड्यावर नवा गंज नव्हता, डायलवरचे जुने डाग वाढलेले नव्हते. गंज आधी धरतो तो चावीचा दांडा आणि त्याला लागून असलेले पोलादी भाग, कारण दमट हवा आणि घाम पहिल्यांदा तिथेच पोचतात. म्हणून घड्याळजीला तपासायला सांगताना हीच जागा दाखवा.

सिलिका किती घ्यायचं याचा हिशोब सोपा आहे. ३० अंशांना ८५ टक्के दमट असलेल्या पाच लिटर हवेत जेमतेम ०.१३ ग्रॅम पाणी असतं, ते शोषायला एक ग्रॅम जेल पुरेल. उरलेलं सगळं लागतं डबा उघडल्यावर शिरणाऱ्या हवेसाठी, आणि त्याहून जास्त आतल्या कापडी उशा, फोम, लाकूड आणि चामड्याच्या पट्ट्यांसाठी. सुरुवातीला मखमली उशांसकट घड्याळं ठेवली तर आकडा कितीतरी वेळ ६०च्या खाली येत नाही. उशा काढा, पट्टे सोडवून वेगळे ठेवा. चामडं ४० ते ५० टक्क्यांत चांगलं राहतं. ३०च्या खाली ते ताठ होऊन चिरतं, आणि ७०च्या वर त्यावर पांढरी बुरशी येते. उशांऐवजी घड्याळाखाली मायक्रोफायबरचा पातळ तुकडा पुरतो.

जेलचा रंग नारिंगीवरून हिरवा होतो हे खरं, पण रंगावर विसंबण्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा बरा. कोरडं १०० ग्रॅम जेल ४५ टक्क्यांच्या आसपास साधारण २० ग्रॅम पाणी धरतं. म्हणून पिशवीसकट वजन कोरड्यापेक्षा १८-२० ग्रॅमने वाढलं की बाहेर काढायचं. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, पसरट थाळीत एकच थर. तापमान फार वाढवलं तर रंगद्रव्य जळतं आणि मग खूण उरत नाही. निळं जेल घेऊ नका, त्यातला कोबाल्ट क्लोराइड घातक आहे. पावसाच्या ऐन जोरात डबा रोज उघडत असाल तर तीन-चार आठवड्यांनी जेल तापवावं लागेल, एरवी दोन महिनेही जातात.

हायग्रोमीटर घेतल्या घेतल्या तपासा, स्वस्तातले मीटर सर्रास ५-१० टक्के चुकतात. वाटीत मीठ घेऊन ते ओलं चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, मीटरसकट हवाबंद बरणीत आठ तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. जितकं कमी-जास्त दाखवेल तितकं पुढे मनात धरून वाचा.

आता नव्या घड्याळांकडे. ज्याची गास्केटं (झाकण, काच आणि चावीपाशी पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) शाबूत आहेत त्याच्या आत डब्याची कोरडी हवा पोचतच नाही. आत आधीच ओल असेल तर तीही बाहेर येत नाही. एका ऑटोमॅटिकच्या काचेत थेंबाच्या चाचणीत (ती पुढे दिली आहे) वाफ धरत होती. ती कित्येक आठवडे डब्यात ठेवूनही गेली नाही. क्राऊन (चावी द्यायची बाजूची गुंडी) ओढून ठेवला तेव्हा कमी झाली आणि हातात घालायला लागल्यावर परत आली. शेवटी क्राऊनचं आणि झाकणाचं गास्केट बदलून, वातानुकूलित खोलीतल्या कोरड्या हवेत झाकण बंद केल्यावरच गेली.

ही चाचणी घरी करता येते. घड्याळ अर्धा तास मनगटावर गरम होऊ द्या, काचेच्या मधोमध गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा, पुसून तिरप्या उजेडात बघा. आयएसओ २२८१० मानकात हेच तत्त्व आहे, फक्त तिथे घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तापलेल्या पाटावर ठेवतात. थेंबाच्या जागी आतून धूसर गोल दिसला तर ओल आहे. वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर काचेच्या बाहेरून येणारी वाफ मात्र निरुपद्रवी, पुसली की जाते.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: जुलैत झाकण उघडून तिथेच बंद केलं तर ती दमट हवा आतच अडकते. आतल्या दोनेक मिलिलिटर जागेत पाणी थेंबाच्या हजाराव्या भागाएवढंच, पण त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २७ अंशांच्या आसपास असतो. रात्री टेबलावर काढून ठेवलं आणि खोली २४ वर असली तर काच धूसर व्हायला एवढं पुरतं. सर्व्हिसिंग डिसेंबर-जानेवारीत करून घ्या, नाहीतर एसी चालू असलेल्या दुकानात.

गास्केट दोन-तीन वर्षांनी बदला, आणि बसवताना सिलिकॉन ग्रीसचा फक्त पातळ थर द्या. व्हॅसलीन नको, उष्णतेने ते पातळ होऊन पसरतं. रोज चावी देण्याच्या घड्याळात क्राऊनचं गास्केट झाकणाच्या आधी झिजतं. नंतर दाब चाचणी मागा. '३० मीटर' म्हणजे शिंतोडे झेलण्यापुरतं. गरम शॉवर आणि साबण तर मुळीच नको.

पाणी शिरलंच तर तांदळाचा नाद सोडा. त्यातला पिठूळ धुरळा मशीनला मारक, आणि शोषणही यथातथाच. हेअर ड्रायरही नको, पाणी वाफ होऊन आणखी आत जातं. घड्याळ त्याच दिवशी उघडून मशीन बाहेर काढायला हवं, समुद्राचं पाणी असेल तर काही तासांत. घड्याळजी गाठेपर्यंत काच खाली, झाकण वर करून डब्यात ठेवा. पाणी मग मशीनपेक्षा काचेकडे उतरतं.