टोइंगची वर्गणी आणि डिकीतली पिशवी: 14 महिने, दोन खेपा

ऑगस्ट 2023 मध्ये आम्ही एक जुनी 38 फुटी डिझेल पुशर आरव्ही (मोटरहोम) घेतली. पुशर म्हणजे इंजिन मागच्या टोकाला आणि बसच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. डॅलसजवळच्या एका ट्रक स्टॉपवर काट्यावर चढवली तेव्हा वजन भरलं 30,400 पौंड, म्हणजे पावणेचौदा टन. एवढं धूड रस्त्यात बंद पडलं तर काय, या धास्तीनं त्याच आठवड्यात रोडसाइड असिस्टन्सची वर्षाची वर्गणी भरली आणि बिघाडात लागणाऱ्या सामानाची एक कॅनव्हासची पिशवी भरायला घेतली. त्यानंतर गाडी दोनदा ओढून न्यावी लागली. वर्गणीला पाचपैकी तीन, पिशवीला साडेचार. अर्धा गुण कुठे गेला ते खाली येईलच.

पहिली खेप ऑक्टोबर 2023 ची. अल्बकर्कीच्या बलून फिएस्टाला निघालो होतो. आय-40 वर टुकुमकारी मागे टाकलं आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर गेला. बेल्ट तुटला, पाण्याचा पंप थांबला, तापमानाचा काटा चढला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बायकोला आणि मांजराला कुंपणापलीकडे पाठवलं आणि तीन त्रिकोण लावले: 10, 100 आणि 200 फुटांवर, येणाऱ्या गाड्यांच्या दिशेनं. कडेला दिवे लावून उभी असलेली आपत्कालीन गाडी दिसली की लेन सोडायची किंवा वेग कमी करायचा, असा कायदा पन्नासही राज्यांत आहे, साध्या बंद गाडीसाठी मात्र सगळीकडे नाही. पण 75 मैलांच्या रस्त्यावर कायद्याच्या भरवशावर मी गाडीत बसून राहणार नाही.

फोनवर माझी चूक झाली. मी म्हणालो, "आरव्ही बंद पडली आहे." पलीकडच्या मुलीला बिचारीला व्हॅन वाटली असावी. दोन तासांनी मध्यम आकाराचा टो ट्रक आला, ड्रायव्हरनं गाडीला एक फेरी मारली, हसला आणि परत गेला. मग दुसरा येईपर्यंत आणखी पाच तास. आता फोनमध्ये वाक्य लिहूनच ठेवलंय: 38 फूट, 30 हजार पौंड, मागे इंजिन, एअर ब्रेक, अंडरलिफ्ट आणि हवेची नळी असलेला हेवी ड्यूटी रेकरच पाठवा. (रेकर म्हणजे अवजड गाड्या ओढणारा ट्रक, अंडरलिफ्ट म्हणजे गाडी खालून उचलणारा त्याचा दांडा.) वर्गणीचा एक गुण इथे कापला. दुसरा कापला तो करारातल्या बारीक अक्षरांसाठी: गाडी नेणार ती "जवळच्या सक्षम" वर्कशॉपला, आणि सक्षम कोण ते ठरवणार तेच.

ट्रेलरवर चढवून का नाही नेत, असं खूप जण विचारतात. आमची गाडी 12 फूट 8 इंच उंच. खाली उतरून गाडी चढवून घेणाऱ्या ट्रेलरचा पाटाच जवळजवळ तीन फूट. टेक्सस आणि न्यू मेक्सिकोत उंचीची मर्यादा 14 फूट. बेरीज करून बघा. म्हणून पुढची चाकं उचलून मागच्या चाकांवर ओढत नेणं हाच बहुतेक वेळा मार्ग असतो, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

दुसरा ड्रायव्हर अनुभवी होता, रोज मालट्रक ओढणारा. तो म्हणाला, "चाळीस मैलच जायचंय, न्यूट्रलला टाका." मी नाही म्हणालो. आमच्या अ‍ॅलिसन ट्रान्समिशनमधला तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना मागची चाकं फिरली की त्यांना ट्रान्समिशनशी जोडणाऱ्या शाफ्टमार्फत ट्रान्समिशनच्या आतले भाग तेलाविना फिरतात, आणि वर्कशॉपला पोचेपर्यंत बेल्टच्या बिलाला ट्रान्समिशनचं बिल येऊन चिकटतं. त्यानं जरा तोंड वाकडं केलं, मग मी फाइलमधलं चेसिसच्या मॅन्युअलचं पान पुढे केलं. पान बघून गडी शाफ्ट काढायला तयार झाला.

शाफ्ट काढायला पन्नास मिनिटं गेली. पुशरमध्ये तो आखूड असतो आणि जागा अडचणीची. ड्रायव्हर खाली शिरणार, तेवढ्यात मी त्याला थांबवून सांगाड्याखाली लाकडी ठोकळे लावायला लावले. हे सगळ्यात महत्त्वाचं. ही गाडी हवेच्या फुग्यांवर उभी असते. हवा गेली की ती बसते, आणि खाली माणूस असेल तर त्याच्यावर बसते. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही बाजूंना पेंट मार्करनं खुणा केल्या, म्हणजे परत तसाच बसेल. जॉइंटच्या टोप्यांवर टेप गुंडाळली, नाहीतर आतल्या बेअरिंगच्या सुया रस्त्यावर सांडतात. त्याऐवजी अ‍ॅक्सल ओढून काढू, असंही काही जण सुचवतात. पण मग हबमधून तेल गळतं आणि तोंडं झाकायला बरोबर झाकणं लागतात.

पुढची चूक माझ्या लक्षात आली नाही. मागच्या चाकांच्या मागे आमच्या गाडीची बारा फूट शेपटी आहे आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर वीस फूट. जत्रेतल्या सीसॉसारखं: नाक दहा इंच उचललं की शेपटी सहा इंच खाली. त्यात रेकरची हवा अजून फुग्यांत पूर्ण भरली नव्हती, त्यामुळे मागचं अंग आधीच बसलेलं. एक्झिटच्या चढाला मागची हिच (एरवी आमची जीप जोडून ओढत नेतो ती) खरवडली आणि दिव्यांच्या वायरचं सॉकेट उखडून गेलं. मागून जीपमधून येणाऱ्या बायकोनं ठिणग्या पाहिल्या. जीप अर्थातच आधीच सोडून घेतली होती. रेकर दोन्ही एकदम नेत नाही. आता नाक कमीत कमी उचलायला आणि निघण्याआधी हवा पूर्ण भरायला सांगतो. आमच्या गाडीत हवेचं तोंड पुढे जनरेटरच्या कप्प्यात आहे. ते अंधारात टॉर्चनं शोधायला लागू नये म्हणून त्याचा फोटो फाइलमध्ये आहे.

दुसरी खेप जून 2024 ची, कोलोरॅडोला जाताना, यूएस 287 वर क्वानाच्या अलीकडे. या वेळी इंजिन ठणठणीत, पण हवेची नळी फुटली. हवेच्या दाबाचा काटा 60 पीएसआयच्या खाली गेला, बझर कोकलायला लागला, आणि कडेला पोचेपर्यंत मागची चाकं जाम. ज्यांना एअर ब्रेकची सवय नाही त्यांच्यासाठी: पार्किंग ब्रेक लावते ती स्प्रिंग, हवा तो सोडवते. हवा गेली की ब्रेक लागतो. नळीच फुटलेली, त्यामुळे रेकरची हवा घालून उपयोग नव्हता. मग पिशवीतले केजिंग बोल्ट कामी आले. ब्रेक चेंबरच्या (ती स्प्रिंग असलेल्या डब्याच्या) मागच्या भोकातून बोल्ट आत घालायचा, फिरवून अडकवायचा आणि हाताच्या पान्यानं नट आवळत स्प्रिंग मागे खेचून धरायची. चेंबर मात्र कधीही उघडू नये, ती स्प्रिंग जीव घेते.

बोल्ट आवळला की मागच्या चाकांना ब्रेक उरत नाही. म्हणून आधी चाकांना पुढून-मागून ठोकळे. लहानपणी कशेडी घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावायचा, ते दृश्य त्या दुपारी डोळ्यांपुढे होतं. (तो दगड नंतर रस्त्यातच सोडून जायचे. मी माझे रबरी ठोकळे मोजून परत घेतो.) विचिटा फॉल्सपर्यंत ड्रायव्हर चाळिशीच्या वर गेला नाही, कारण थांबवायला फक्त त्याच्याच गाडीचे ब्रेक होते.

वर्कशॉपनं नळी बदलली, बिल हातात दिलं, आणि केजिंग बोल्ट तसेच ठेवले. आवारातल्या उतारावर मी पार्किंग ब्रेकचा पिवळा नॉब ओढला आणि गाडी सावकाश सरकायला लागली. पाय पेडलवर होता म्हणून निभावलं.

आता पिशवीचा अर्धा गुण. चुंबकाचे मागचे दिवे घेतले होते. मोटरहोमची मागची भिंत फायबरग्लासची असते, तिला चुंबक चिकटेल कसा? आता सक्शनचे आहेत. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर घेतला, तो सायकलीसाठी उत्तम. आणि 30 हजार पौंडांचा टो दोर! इंजिन बंद असताना ना स्टीअरिंगला जोर, ना ब्रेकला भरवशाची हवा. दोरानं पावणेचौदा टन ओढायची कल्पना मला दुकानात सुचली तरी कशी, देव जाणे. तो आता आमच्या गॅरेजमध्ये पतंगांच्या मांज्याशेजारी लटकलाय.

वर्गणी ऑगस्टमध्ये परत भरली, कारण पहिल्याच खेपेचं बिल मी पाहिलंय: 1,800 डॉलर, माझ्या खिशातून शून्य. फाइलचं पहिलं पान बायकोनं नव्यानं लिहिलंय, आणि डॅशबोर्डवर पिवळ्या नॉबशेजारी तिनंच एक चिठ्ठी चिकटवलीय: "बोल्ट काढले का? खाली वाकून बघ, विचारू नकोस."