आजोबांच्या मॉरिस मायनरचे ड्रम ब्रेक: नऊ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

गाडी 1960 ची मॉरिस मायनर 1000, 948 सीसीवाली, आजोबांनी पोर्तुगीज काळात घेतलेली, तेव्हापासून आमच्या डिचोलीच्या घरीच आहे. चारही चाकांना 7 इंची ड्रम (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, आतून शू म्हणजे अर्धगोल पट्ट्या त्यावर दाबल्या की गाडी थांबते), पायाचा जोर वाढवणारा सर्वो नाही, ब्रेक ऑइलचं एकच सर्किट. फेब्रुवारीत ब्रेकचं सगळं काम संपलं, तेव्हापासून अंदाजे 2400 किलोमीटर झाले, त्यात चोर्ला घाटातून दोनदा बेळगाव आणि पूर्ण पावसाळा. काम झाल्या झाल्या लिहिणार होतो पण म्हटलं पाऊस बघू, मगच काय ते सांगू.

आधी काय होत होतं ते सांगतो. पेडल अर्ध्याच्या खाली जायचं आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची. ज्याला दाखवावं तो म्हणायचा डिस्क ब्रेक बसव, कशाला त्या जुन्या ड्रमच्या मागे लागतोस. एका गॅरेजने तर न उघडताच शू बदलायला सांगितले आणि बदललेही, दोन महिन्यांत परत तेच. मग फोंड्याकडच्या एका वयस्कर मेस्तांकडे (मेकॅनिककडे) गेलो, त्यांनी चाक काढायच्या आधीच एकच सांगितलं, "पयलीं ड्रम पळय," म्हणजे आधी ड्रम बघ. आज नऊ महिन्यांनी मला वाटतं सगळं त्या तीन शब्दांतच होतं.

मायनरचा ड्रम दोन स्क्रूंवर बसतो. आमचे इतके गंजलेले की स्क्रूड्रायव्हरने डोकीच गेली असती, शेवटी इम्पॅक्ट ड्रायव्हरने हातोडी मारून निघाले. ड्रम मोकळा धरून हलकं ठोकून बघायचं, चांगला असेल तर घंटेसारखा वाजतो, चीर असेल तर आवाज बसका येतो. आमचे चारही वाजले, पण पुढचे दोन गोल राहिले नव्हते आणि आत कडेला पायरी पडलेली. लेथवर टर्निंग केलं, म्हणजे आतून घासून परत गोल केले, एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच मापाला आणि गरजेपुरतंच, कारण ड्रम जितका पातळ तितका लवकर तापतो.

आता इथेच माझे आधीचे पैसे वाया गेले होते. ड्रम घासून किंवा टर्न करून मोठा झाला आणि शूची गोलाई जुनीच राहिली तर लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, फक्त मधोमध टेकतो, दोन्ही टोकं हवेत. बाहेरून शू नवा कोरा दिसतो, जाडी भरपूर, पण ब्रेक काही लागत नाही, आणि आपण म्हणतो लायनर डुप्लिकेट होता. मेस्तांनी जाड लायनर रिव्हेट करून घेतला, मग त्यावर खडू घासून ड्रममध्ये फिरवून बघायचं, जिथे खडू पुसला तिथे टेकतोय, तेवढंच घासायचं, परत खडू. चार चाकांना दीड दिवस गेला. कंटाळवाणं काम आहे पण मला विचाराल तर ब्रेकमधला निम्मा फरक या दीड दिवसाचा आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, त्यामुळे ड्रममधली धूळ एअरने कधीच उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

गाडी उजवीकडे ओढायची त्याचं कारण मात्र पुढे नव्हतंच, मागचं डावं चाक काही धरतच नव्हतं. तिथला हबचा ऑइल सील गेलेला आणि डिफरन्शियलचं ऑइल शूवर येत होतं. मी आधी ते शू पेट्रोलने धुऊन पॉलिशपेपर मारून परत बसवले होते, आठवडाभर बरं वाटलं मग ऑइल परत आतून वर आलं. ऑइल प्यालेला लायनर सुधारत नाही, टाकूनच द्यायचा, आणि आधी सील बदलायचा.

व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारे, एकूण सहा, पुढे प्रत्येक चाकाला दोन आणि मागे एकेक. आपल्या दमट हवेत ब्रेक ऑइल पाणी ओढतं आणि आतल्या भिंतीला खड्डे पडतात, त्यावर कितीही नवं रबर किट टाका, गळणारच. मी सहाही सिलिंडरना आतून स्टेनलेसची स्लीव्ह (नळी) मारून घेतली. स्टीलचे पाइप काढून कॉपर-निकेलचे टाकले कारण खाऱ्या हवेत स्टील टिकत नाही. या दोन गोष्टींना सगळ्यात जास्त पैसे गेले आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, अजून एक थेंब गळलेला नाही. फक्त या गाडीचे नट मेट्रिक नाहीत, दुकानदार "चालेल" म्हणाला तरी जबरदस्ती फिरवू नका, आटे जातील.

पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या आत, आणि त्याचे बोल्ट बाहेर काढायला गेलं की टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनची दांडी) आडवा येतो. आमचा अख्खा रविवार त्यात गेला. ऑइल टाकायचं झाकण कार्पेटखाली, उघडलं की आमच्याकडची लाल माती थेट आत. म्हणून बॉनेटखाली वेगळी टाकी बसवून नळी खाली आणली, ओरिजिनलवाले नाराज होतील पण आता रोज नुसतं बघून लेव्हल कळते, आणि एकच सर्किट असलेल्या गाडीत एक पाइप फुटला तर चारही चाकं जातात, तेव्हा लेव्हल दिसणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ब्लीडिंगच्या, म्हणजे पाइपमधली हवा काढायच्या, आधी शू ड्रमच्या जवळ आणणारे सगळे अडजस्टर चाक लॉक होईपर्यंत घट्ट करून घ्या. शू सैल असतील तर पेडल खाली जातं आणि आपल्याला वाटतं एअर राहिली, आम्ही एक बाटली ऑइल अशीच वाया घालवली. डॉट 4 ब्रेक ऑइल वापरलं, नवं असताना निदान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलं की तोच आकडा 155 पर्यंत उतरतो, म्हणून दर पावसाळ्यानंतर बदलायचं ठरवलंय. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

आता चालवतानाचं. पहिले तीनशे किलोमीटर हळूच ब्रेक लावत चालवली, तेव्हा थोडं घाबरायलाच झालं, मग लायनर बसला आणि पेडल वर आलं. चोर्ला उतरताना पूर्ण वेळ सेकंड गिअर, केरीला खाली पोचल्यावर हात जवळ नेला तर ड्रम गरम होते पण पेडल जसंच्या तसं. सरळ थांबते, दोन्ही हात हलके ठेवून. पर्वरीच्या चढावर ट्रॅफिकमध्ये मात्र लक्ष ठेवावं लागतं, कारण पुढच्या चाकाचे दोन्ही शू लीडिंग आहेत, पुढे जाताना ड्रमच त्यांना आत ओढतो, गाडी मागे घसरायला लागली की ही मदत संपते आणि तोच ब्रेक निम्मा वाटतो. तिथे हँडब्रेक चांगला हवाच, फेरीच्या उतारावर तर हवाच हवा.

पावसात साचलेल्या पाण्यातून गेलं की पहिला ब्रेक लागतच नाही, दुसरा एका बाजूला ओढतो. पाण्यातून निघाल्यावर पेडलवर हलका पाय ठेवून थोडं चालवायचं, ड्रम गरम होऊन सुकतो. जुलैत गाडी पाच दिवस हँडब्रेक लावून उभी होती तर मागचे शू ड्रमलाच चिकटले, सुटताना असा आवाज आला की आईपण बाहेर आली. तेव्हापासून गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाखाली चिऱ्याचा तुकडा.

अडजस्टमेंट आतापर्यंत तीनदा केली. हबकॅप काढा, चाक फिरवून भोक अडजस्टरवर आणा, घट्ट करा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत एकेक घर मागे, पुढच्या चाकाला दोन अडजस्टर आणि मागच्याला एक, चार चाकांना मला चाळीस मिनिटं लागतात. ज्यांना हे करायचा कंटाळा असेल त्यांनी खुशाल डिस्क बसवावी, मी बसवणार नाही. चवथीनंतर मागचे ड्रम एकदा उघडून बघितले, डावा सील कोरडा होता, उजव्याच्या कडेला किंचित ओलसर वाटलं. नवा सील आणून ठेवलाय, येत्या रविवारी ते चाक उघडणार.