नायिका नसलेल्या कथेची ‘निवड’ झाली आणि माझे १२,५४९ रुपये गेले

रक्कम आधीच सांगते, म्हणजे कुणाला विचारावं लागणार नाही: १२,५४९ रुपये. शिवाय एक कथा गेली, आणि तिचं दुःख जास्त आहे.

कथा दोन भावांची, विहिरीच्या वाटणीवरून अबोला धरलेल्या. ४,२०० शब्द. तीन वर्षांत नऊ दिवाळी अंकांना पाठवली. सहा ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. अंक हातात घ्यायचा, अनुक्रमणिकेत नाव नसलं की समजायचं. दोन ठिकाणांहून छापील ‘साभार परत’. नवव्या संपादकांनी मात्र हाताने लिहिलं होतं: ‘शेवट घाईत उरकलाय. धाकटा विहिरीत उतरतो तिथे जरा थांबा. दुरुस्त करून पुन्हा पाठवा.’ मला तो अपमान वाटला. चिठ्ठी चुरगाळून ड्रॉवरमध्ये टाकली आणि त्याच रात्री, फोनवर दिसलेल्या एका ‘राज्यस्तरीय कथासंग्रहा’च्या जाहिरातीवर कथा पाठवून दिली. शेवट न बदलता.

पाठवली रात्री ११:२० ला. बारा वाजता निवडीची मेल. चाळीस मिनिटांत परीक्षक मंडळाचं एकमत होत नसतं. पण खरी गोष्ट त्या मेलच्या दुसऱ्या ओळीत होती: ‘आपल्या नायिकेचा संघर्ष परीक्षकांच्या मनाला भिडला.’

माझ्या कथेत नायिका नाही. बाई म्हणून फक्त आई आहे, तीही भिंतीवरच्या फोटोत, एका वाक्यापुरती. ती ओळ मी तीनदा वाचली आणि स्वतःची समजूत घातली की त्यांना आईच म्हणायची असेल, कथेचं मर्म त्यांनाच सापडलं असेल. आजही ती ओळ आठवली की अंगाचा तिळपापड होतो. कथा कुणी उघडलीसुद्धा नव्हती, हे तिथेच स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी भोळी नाही. बावीस वर्षं हिशेबाच्या नोकरीत आहे, ओटीपी कधी कुणाला सांगितलेला नाही. पण तीन वर्षं नकार पचवलेल्या माणसाला ‘निवड’ हा शब्द दिसतो तेव्हा काय होतं, ते लिहिणाऱ्यांनाच कळेल. ही माणसं नेमकी त्याच भुकेवर जगतात.

आधी संपादन शुल्क १,४९९. मग आयएसबीएन नोंदणीचे ३,८५०. हा क्रमांक आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो, आणि तो पुस्तकाला असतो, कथेला नाही. हे मला नंतर कळलं, तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा. मग पंचवीस लेखकप्रतींचे ७,२००. ‘ताई, तुमच्यासारख्यांसाठीच हे व्यासपीठ आहे,’ असं फोनवरचा माणूस दर वेळी म्हणायचा. पुरस्कार सोहळ्याचे ९,००० मागितले तेव्हा डोळे उघडले. प्रती आल्याच नाहीत. आली एक पीडीएफ, ६१ ‘विजेत्यां’ची, सगळ्यांसाठी खुली, माझ्या कथेची शेवटची दोन पानं गायब.

मानधन कमी असेल, नसेलही. पण कथा घेणारा लेखकाकडेच पैसे मागत असेल तर तो संपादक नाही, गिऱ्हाईक शोधणारा आहे.

पोलीस ठाण्यात गेले. ‘पुस्तक काढलं ना त्यांनी? मग फसवणूक कसली?’ प्रती आल्या नाहीत म्हटलं तर, ‘पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत.’ तिथून सायबर विभागात पाठवलं. सायबरवाल्यांनी हा व्यवहाराचा वाद आहे म्हणून परत ठाण्यात. बँकेत ऐकून घेतलं ते ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ एवढंच. चार खेपा, दोन अर्ध्या रजा, आणि एका टेबलावरचे साहेब कथेचं नाव वाचून हसले. कथा म्हणजे काय चोरीला जाणारी वस्तू आहे का, असं मला विचारलं गेलं. तक्रार क्रमांक मिळाला, तो मिळवायलाही हुज्जत घालावी लागली. त्यानंतर कुणाचा फोन नाही.

मी एकोणीस दिवस लाजेपोटी गप्प बसले, ती माझी दुसरी चूक. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पुढच्या खात्यात रक्कम सरकायच्या आत ती अडवता येण्याची शक्यता असते. मेल, पावत्या काही पुसू नका. आणि अर्जातली हक्कांची ओळ वाचा. मी ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’वर खूण केली होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हस्तांतराला लेखी सही लागते आणि मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांचंच धरतात; माझ्या त्या खुणेला किती अर्थ आहे ते वकिलांकडून तपासून घेतेय.

ड्रॉवरमधली चिठ्ठी शोधून, हाताने सपाट करून, त्या संपादकांना फोन केला. त्यांना कथा आठवत होती. भावांची नावंसुद्धा. म्हणाले, ‘आमच्याकडे अप्रकाशितच लागते. आधी ती पीडीएफ काढून टाकल्याचं लेखी आणा, मग पाहू.’ त्यासाठी त्या भामट्यांना आजवर सहा मेल पाठवल्या. पीडीएफ अजून तिथेच आहे.