यामाहा एफ११५ आणि पॉवर ट्रिम: देवबागच्या पाण्यात कसं चालतं

तारकर्ली-देवबागकडे नवीन बोट घेणारे हमखास विचारतात की पॉवर ट्रिम-टिल्टसाठी, म्हणजे बटण दाबून इंजिन वर-खाली, आत-बाहेर कलवणाऱ्या सोयीसाठी, जास्तीचे पैसे घालायचे का. माझं म्हणणं, बाकी कुठेही काटकसर करा पण इथे नको. आम्ही यामाहाचं एफ११५ हे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन वापरतो, ४ सिलिंडर, फोर स्ट्रोक, आवाज कमी, ते सगळं आहेच, पण खरा फरक पडतो तो थ्रॉटलच्या हँडलवर अंगठ्याखाली येणाऱ्या त्या बटणाने.

पुळणीवरून बोट लोटताना इंजिन पूर्ण वर, इंजिनचा पाण्यातला पंखा वाळूला लागताच कामा नये. पुरेसं पाणी मिळालं की खाली सोडायचं आणि इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या जाळ्या बुडाल्याशिवाय स्टार्टर मारायचाच नाही, चालू झालं की मागे त्याच पाण्याची बारीक धार पडतेय ना ते बघायचं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली वाळू सारखी जागा बदलते, ओहोटीला इंजिन थोडं उचलून अगदी सावकाश निघता येतं, हाताने उचलायचं इंजिन असेल तर एकट्याला हे जमत नाही हो.

पर्यटकांना बसवायची फुगवलेली बनाना किंवा ट्यूब ओढायची तर ट्रिम पूर्ण आत, म्हणजे इंजिनचा खालचा भाग बोटीकडे कलता. बाहेर ठेवून जोर लावलात तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आभाळाकडे जाते, समोरचं दिसत नाही, पंखा नुसता हवा खातो. आत असलं की नाळ दबते आणि बोट पटकन पाण्यावर उठते.

मोकळ्या पाण्यात स्पीड धरला की मग बटण जरा जरा दाबत बाहेर घ्या, थ्रॉटल तसाच ठेवून आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) थोडे चढतात, एका बाजूला ओढणारं स्टिअरिंग हातात हलकं लागतं, तिथेच थांबा. अजून बाहेर गेलात तर नाळ वर-खाली आपटायला लागते, लगेच किंचित आत. समोरून लाटा असतील तरी आतच बरं, आणि जोरात वळायच्या आधीसुद्धा.

ट्रेलरवर नेताना मात्र इंजिन नुसतं टिल्ट लॉकच्या, म्हणजे वर उचललेलं इंजिन अडकवायच्या, पट्टीवर टेकवून नेऊ नका प्लीज, ती उभ्या बोटीसाठी आहे, खड्ड्यांचे दणके ती झेलत नाही, खाली वेगळा सपोर्ट लावाच. बॅटरी बसली तर ब्रॅकेटवरचा स्क्रू सैल करून हातानेही उचलता येतं, पण दोघं-तिघं लागतात. आणि ट्रिम मीटर बोटीवर नसेल तर तो आधी बसवून घ्या, नवीन माणसाला इंजिन नेमकं किती बाहेर आहे ते नुसत्या अंदाजाने कळत नाही.