तीन कोटेशन मागणारी ती, बिलं तपासणारी मी, आणि दोघींना टोपी घालणारा एजंट

आधीच सांगते, एजंटचं नाव लिहिणार नाहीये, तक्रार चालू आहे. पण त्याने काय काय केलं ते सगळं लिहिते कारण आता नाताळ आणि थर्टी फर्स्टची बुकिंगं सुरू झालीत आणि नाशिकमधून असं दोघी-तिघी मैत्रिणींनी बँकॉक, बाली करणं खूप वाढलंय.

मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, माझी मैत्रीण तिथेच परचेसला. सात वर्षं एकाच टेबलावर डबा खातोय. ती कशी आहे सांगते, नटबोल्टचा डबा घ्यायचा असला तरी तीन कोटेशन मागवणार आणि सगळ्यात कमीवाल्याला परत फोन करून अजून दोन टक्के पाडून घेणार, व्हेंडर लोक तिचा नंबर बघून उचलत नाहीत. आणि मी पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) जुळल्याशिवाय पाच हजाराचं बिल पण पास करत नाही, त्यासाठी रोज शिव्या खाते. तर अशा आम्ही दोघी मिळून १,०४,००० रुपयांना फसलो. हसा खुशाल, आमच्या अख्ख्या कँटीनने हसून झालंय.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, आणि ती कॅलेंडर बघत म्हणाली अगं १५ ऑगस्टला शुक्रवार आहे, शनिवारी गोकुळाष्टमी, मग रविवार, गुरुवार-सोमवार रजा टाकली तर पाच दिवस होतात. मी म्हटलं मग काय सापुताऱ्याला जाऊ. ती म्हणाली सापुतारा कसला, बँकॉक. थायलंडला तेव्हा आपल्याला व्हिसा लागत नव्हता हे दोघींना माहीत होतं आणि तेच नडलं खरं तर, व्हिसा लागला असता तर निदान पंधरा दिवस विचार करायला मिळाले असते. माझा पासपोर्ट चार वर्षं कपाटात कोरा पडलेला. घरी मी आधी बुकिंग केलं आणि मग विचारलं, त्यावर घरी काय झालं तो वेगळा विषय.

एजंट तिच्या मावसभावाच्या ओळखीतला, त्याच्या मित्राला याने काश्मीर करून दिलं होतं, व्यवस्थित. कॉलेज रोडला एका कॉम्प्लेक्समधे काचेची केबिन, टेबलावर फिरणारा पृथ्वीचा गोळा, भिंतीवर बुद्ध, एसी, चहा. पॅकेज माणशी ५२,०००, जाऊन-येऊन विमान, चार रात्री हॉटेल नाश्त्यासकट, एअरपोर्टवरून न्यायला गाडी, एक दिवस शहर दाखवणार. आणि बघा, हे काही फार स्वस्त नव्हतं. बाकीचे ५६-५८ सांगतात असं कानावर होतं. लोक म्हणतात की स्वस्त दिसलं की समजायचं लोचा आहे, पण हा माणूस स्वस्तात पकडतच नाही, चार-पाच हजारच कमी सांगतो, म्हणजे आपल्याला वाटतं आपणच भाव केला.

त्याने पहिल्याच दिवशी आमच्या दोघींचे नंबर घेतले आणि दोघींशी वेगवेगळं व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं. मी म्हटलं ग्रुप करा, तर म्हणाला ताई ग्रुपमधे मेसेज वर जातात, पासपोर्टचे फोटो असतात, पर्सनलच बरं. मला पटलं, पासपोर्टची काळजी घेतोय बिचारा असं वाटलं.

पैशाच्या वेळेला तो मला म्हणाला (मलाच, कारण मी अकाउंटवाली हे त्याला कळलेलं) की कंपनीच्या खात्यात टाकलंत तर ५ टक्के जीएसटी आणि ५ टक्के टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा आयकर) लागेल, या नंबरवर टाका, दोन्ही वाचतील. आता मला हे पाठ आहे हो. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस कापायचाच असतो, तो आपल्या पॅनवर जमा होतो, २६एएसमधे (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा) दिसतो, रिटर्न भरताना टॅक्समधून वळता होतो नाहीतर रिफंड मिळतो. म्हणजे तो खर्च नाहीच, उलट एजंटने टीसीएस कापला आणि तो २६एएसमधे दिसला तर हा माणूस निदान कागदावर तरी आहे एवढं समजतं. हे मी दुसऱ्यांना समजावून सांगते आणि स्वतःचे ५,२०० दिसले तेव्हा गप्प बसले. यूपीआय करताना वर नाव आलं ते पण कुठल्यातरी बाईचं. म्हणाला मिसेसचं अकाउंट आहे ताई. दोघींनी आधी वीस-वीस आणि दोन दिवसांनी बत्तीस-बत्तीस हजार टाकले.

वर थायलंडच्या अरायव्हल कार्डचे माणशी १,२०० घेतले. हे टीडीएसी म्हणून ऑनलाइन कार्ड १ मे २०२५ पासून सुरू झालंय, थायलंडच्या इमिग्रेशनच्या साइटवर पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत आपणच भरायचं, आणि ते फुकट आहे. एक रुपया लागत नाही. हे मला बँकॉकच्या एअरपोर्टवर लाइनीत पुढे उभ्या असलेल्या पुण्याच्या काकूंनी सांगितलं.

१३ तारखेला संध्याकाळी गाडी करून निघालो, इगतपुरीवरून समृद्धीला लागलो, गाणी, चिवडा, नुसता दंगा. जायचं तिकीट खरं होतं. हेच त्याचं डोकं. विमानात बसलो, इमिग्रेशनला परतीच्या तिकिटाची पीडीएफ दाखवली, शिक्का मिळाला, बाहेर आलो तर आमच्या नावाची पाटी घेऊन कोणीच नाही. दीड तास उभ्या. एजंटला फोन केला तर तिथे सकाळचे साडेनऊ म्हणजे नाशिकला आठ, म्हटलं झोपला असेल. शेवटी एअरपोर्टच्या रेल्वेने पन्नास बाटच्या आत राचाप्रारोपला उतरलो, तिथून बॅगा ओढत प्रातुनामचं हॉटेल. रिसेप्शनवरच्या मुलीने व्हाउचर बघितलं, कॉम्प्युटर बघितला, परत व्हाउचर बघितलं आणि म्हणाली कॅन्सल्ड. काल. बुकिंग करणाऱ्यानेच.

म्हणजे काय तर त्याने फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग केलं, त्याचं खरं व्हाउचर आम्हाला पाठवलं, आम्ही वाटलं तर हॉटेलला फोन करून विचारलं असतं तरी हॉटेलने हो म्हटलं असतं, आणि मुदत संपायच्या आत त्याने ते रद्द करून टाकलं.

मग मला घाम फुटला आणि मी परतीचं तिकीट उघडलं. पीएनआर एअरलाइनच्या साइटवर टाकला, असं बुकिंगच नाही म्हणे. निघायच्या काही दिवस आधी मी हाच पीएनआर टाकून बघितला होता आणि तेव्हा दोघींची नावं दिसली होती, म्हणून तर मी निर्धास्त होते! हे नीट वाचा. पीएनआर म्हणजे तिकीट नाही. एजंट पैसे न भरता सीट काही काळ होल्डवर ठेवू शकतो, तेव्हा पण पीएनआर तयार होतो, नाव दिसतं, सगळं दिसतं, आणि पैसे भरले नाहीत की आपोआप उडतो. खरं तिकीट निघालं की बहुतेक एअरलाइन्सचा १३ आकडी ई-तिकीट नंबर येतो. आमच्या पीडीएफवर जाण्याच्या पानावर तो नंबर होता, परतीच्या पानावर ती जागा कोरी होती. मी रोज इनव्हॉइसवरचे कोरे रकाने शोधण्याचा पगार घेते.

जवळच एक गेस्ट हाउस मिळालं ९०० बाटला, बाट म्हणजे तेव्हा पावणेतीन रुपयांच्या आसपास. खोली एवढीशी, एक खिडकी, खाली कपड्यांचा बाजार. आणि तिथे पलंगावर बसून आम्ही पहिल्यांदा भांडलो. सात वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं तुझ्या मावसभावाचा माणूस, तू कोटेशन नाही का बघितलंस, नटबोल्टला तीन मागवतेस. ती म्हणाली मी कशाला बघू, तू बघितलंस ना. मी कुठे बघितलं? अगं तोच म्हणाला ना. कोण म्हणाला?

मग दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. माझ्या फोनमधे त्याचा मेसेज, "ताई तुमच्या मॅडमने बाकी दोन ठिकाणी रेट काढून सगळं चेक केलंय, त्या ओके आहेत, तुमचंच राहिलंय." तिच्या फोनमधे त्याच दिवशी, चार मिनिटांच्या अंतराने, "मॅडम अकाउंटवाल्या ताईंनी कोटेशन आणि जीएसटी सगळं बघून घेतलंय, त्यांचं पेमेंट येतंय, तुमचं पण करून टाका." दोघींपैकी एकीनेही काही बघितलेलं नव्हतं. आणि आम्ही रोज दोन फुटांवर समोरासमोर बसत होतो.

मग रात्री मी तो कोटेशनचा कागद उघडला. लेटरहेडवर प्रायव्हेट लिमिटेड, पत्ता नाशिक, आणि जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा २७. त्याच नंबरच्या पोटात पॅन असतो, त्याचं चौथं अक्षर पी, म्हणजे एखाद्या व्यक्तीचं, कंपनीचं असतं तर सी असतं. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की मालकाचं नाव कोणालाही फुकट दिसतं, टाकला तर सुरतचा कोणी कापडवाला निघाला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. एक मिनिटाचं काम होतं.

फोन त्याने दुपारनंतर उचलला, गोड बोलला, हॉटेलवाल्यांची चूक आहे ताई, मी बघतो, रात्रीपर्यंत करतो. हे "बघतो" चार दिवस चाललं. आमची खरी चूक इथे झाली. त्या पहिल्या दिवशीच ऑनलाइन तक्रार टाकायला हवी होती, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तिथूनच निदान प्रयत्न तरी करायचा, भारतात असाल तर १९३० ला फोन. कारण पैसे त्या खात्यात पडलेले असले तर ते गोठवणं सोपं जातं. आम्ही आल्यावर पण आठवडाभर त्याच्या मागे फिरलो, ओळखीतला आहे म्हणून, मावसभावाला वाईट वाटेल म्हणून. तोपर्यंत खातं कोरडं. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बँकेकडे वाद घालता आला असता, यूपीआयने आपणच पिन टाकून दिलेत.

आता एवढं पोचलोच आहोत तर बघून घेऊ म्हणून ग्रँड पॅलेसला गेलो. तिथे गेटच्या अलीकडे एक सभ्य दिसणारा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, म्हणाला आज सकाळी पॅलेस बंद आहे, तोपर्यंत टुकटुकने (तिकडची रिक्षा) दुसरं देऊळ दाखवतो, फक्त २० बाट. हा तिथला जुना धंदा आहे, टुकटुक फिरवत फिरवत खड्यांच्या दुकानात नेऊन सोडतात. मी खरंच थांबले होते हो, चेहरा पडला होता माझा. माझी मैत्रीण त्याच्याकडे बघून एवढी हसायला लागली, एवढी हसली की तो माणूसच गोंधळला. मला म्हणाली चल गं, आपला कोटा नाशिकलाच संपलाय. शंभर पावलांवर गेट सताड उघडं होतं आणि भोंग्यावरून सांगत होते की बाहेर कोणी बंद आहे म्हटलं तर ऐकू नका. ५०० बाट तिकीट, आत सोन्याचे कळस, वरून पाऊस. मस्त होतं. श्रावण असल्यामुळे मी चार दिवस आंबा-भात आणि नारळपाण्यावर काढले, ती माझ्यासमोर बसून सगळं खात होती.

परतीचं तिकीट तिच्या कार्डावर काढलं, ऐनवेळचं म्हणून दोघींचे मिळून ४१,०००.

कॉलेज रोडची केबिन आता बंद आहे, पाटी काढलेली, काचेतून पृथ्वीचा गोळा मात्र दिसतो. खालचा रसवाला म्हणाला तुम्ही या महिन्यातल्या सहाव्या. तक्रारीची पावती मिळालीय, पुढे काय ते कळेल.

गेल्या बुधवारी डब्याच्या वेळी तिचा फोन वाजला. खात्यात १०,००० आले होते, आणि नव्या नंबरवरून मेसेज, "मॅडम तुमचे सुरुवात केलेत, बाकी महिन्याभरात, तक्रार मागे घ्या, तुमच्या अकाउंटवाल्या ताईंना सांगू नका, त्यांचं वेगळं बघतो." तिने वाचलं, फोन सरळ माझ्यासमोर सरकवला, आणि मी वाचेपर्यंत माझा फोन वाजला. तिने ५,००० पाठवले होते. रिमार्कमधे लिहिलं होतं, पार्ट पेमेंट, जीआरएन करून घे.