वाचन-गणितात अडखळणारं मूल: शाळा चालू ठेवावी की घरी शिकवावं?

हा प्रश्न बहुतेक घरांत तिसरी-चौथीला येतो. तोवर "होईल हळूहळू", "हिच्या बाबांचंही असंच होतं" यात दिवस निघून जातात आणि मग एखाद्या पालकसभेत बाई वही पुढे सरकवतात नि म्हणतात, तोंडी सगळं येतं हो तिला, कागदावर काही उतरत नाही. आम्ही दोन्ही करून बघितलंय, आधी शाळा, मधली काही वर्षं घर, मग परत शाळा, म्हणून दोन्हीकडचं लिहितेय.

काहीही ठरवा, पण टेस्टिंग आधी. डोळे-कान तपासायचे, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. मूल मराठी माध्यमाचं असेल आणि सगळं इंग्रजीतच तपासत असतील तर सरळ विचारा की मराठीतून का नाही, कारण मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' नावाची चाचणी पहिली ते पाचवीसाठी मराठीत आहे. लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली ही अडचण, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आलेली आहे, सर्टिफिकेट साधारण आठव्या वर्षापासून मिळतं आणि १४ नि १८ ला परत तपासणी असते. सरकारी हॉस्पिटलात नंबर लागायला वेळ जातो, तेव्हा नाव आत्ताच घालून ठेवा.

आता वाचन. इथे घर जिंकतं, माझ्या मते सरळ जिंकतं. मराठी जशी बोलतो तशी लिहितो म्हणून सोपी, असं सगळे सांगतात, पण 'किती' लिहायला घ्या, तोंडातून आधी क येतो आणि कागदावर आधी वेलांटी काढावी लागते, 'सर्व' मधला र डोक्यावर जाऊन बसतो, 'चक्र' मधला पायाशी, आणि ज्या पोराला मुळात आवाज आणि अक्षर यांची सांगड घालायलाच त्रास होतो त्याचं इथे काय होत असेल बघा. वर्गात रफार एका तासात उरकतो. घरी आम्ही फक्त रफारावर कितीतरी दिवस काढले, ताटात रवा पसरून बोटाने गिरवायचं, गिरवताना मोठ्याने म्हणायचं, मग डोळे मिटून तेच, मग ते शब्द असलेली चारच वाक्यं. ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत म्हणतात ती साधारण अशीच चालते, डोळे कान हात एकदम आणि पायरी सोडायची नाही. रोज अर्धा तास पुरतो, पण रोज. आणि इतिहास-विज्ञान वाचून दाखवायचं, नाहीतर वाचता येत नाही म्हणून बाकीचं ज्ञानही मागे पडतं.

गणितात मात्र घर आपोआप चांगलं ठरत नाही. अडचण खरी आहे, 'त्रेपन्न' ऐकलं की आधी तीन ऐकू येतात म्हणून ३५ लिहिलं जातं, 'एकोणसत्तर' मध्ये सत्तर आहे म्हणून ७९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असंही वाचायला दिलं तेव्हा केवढी टिंगल झाली, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना टीव्हीवर समजावून सांगावं लागलं, आमच्या घरी मात्र 'पन्नास तीन' म्हणायला लागल्यावरच गाडी हलली. पण एवढं घरच्या घरी जमतं, अपूर्णांक आले की बहुतेक आईबाप तेच उदाहरण तसंच परत सांगतात, फक्त वरच्या पट्टीत. गणितासाठी रेमेडिअलवाला, म्हणजे अडणाऱ्या मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणारा माणूस लागतोच, शाळेत राहा नाहीतर घरी, आणि त्याचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर विचारायला लाजू नका.

मैत्रिणींच्या बाबतीत शाळा पुढे, गॅदरिंग, डबा, रिक्षातली भांडणं हे घरी तयार करता येत नाही. अर्थात रोज 'ढ' ऐकून येत असेल, रविवारी संध्याकाळी पोट दुखत असेल, तर हा मुद्दा मी धरणारच नाही.

आणि आई. बोलत नाही कोणी यावर. सकाळी शिकवणारी आणि रात्री कुशीत घेणारी एकच बाई असली की दोन्हीतलं एक बिघडतं. तुमचा आवाज दहा मिनिटांत चढत असेल तर होमस्कूलिंग करा पण शिकवायला दुसरं कुणीतरी ठेवा, आजोबा, आत्या, पगारी टीचर. शिवाय एक पगार कमी होतो तो वेगळाच.

कायद्याचं म्हणाल तर आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, ६ ते १४ वयाला शाळा धरूनच लिहिलाय, होमस्कूलिंगची वेगळी सोय त्यात नाही आणि आईबापांना शिक्षाही नाही. परत यायचं तर वयानुसार वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद आहे.

दहावीचा हिशोब वेगळा आहे. स्टेट बोर्डात सर्टिफिकेटवर जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाला सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या पातळीचं अंकगणित असे पर्याय आहेत, पण अर्ज वेळेत शाळेने पाठवायचा असतो, म्हणजे शाळेतलं ऑफिस चांगलं हवं. एनआयओएसमध्ये, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेच्या बोर्डात, वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, गणित सक्तीचं नाही, वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय काढला तरी चालतं, मराठी माध्यमही आहे. "ते बोर्ड चालत नाही" हे नातेवाईकांचं मत आहे, फार मनावर घेऊ नका. फक्त गणित सोडलं की डिप्लोमा-इंजिनिअरिंगची वाट अवघड होऊ शकते, हे पोराला चौदाव्या वर्षीच सांगा.

मला विचाराल तर वाचन अडलंय, वय आठ ते अकरा आहे आणि घरात शांत डोक्याचं एक माणूस मोकळं आहे, तर दोन वर्षं घर. फक्त गणितच अडलंय तर शाळा आणि संध्याकाळी रेमेडिअल. आठवी-नववीत येऊन ठेपलात, शाळा सहकार्य करतेय, तर हलवू नका, नसेल करत तर एनआयओएस.

काढायचंच ठरलं तर वार्षिक निकाल लागल्यावर काढा, निकालपत्रक आणि दाखला दोन्ही घेऊन. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही असं कायदा म्हणतो, पण खिडकीतला क्लार्क पहिल्यांदा तोच मागतो.