गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रासाठी हॉटेल कोठे घ्यावे: काही महिन्यांच्या मुक्कामांनंतरचा अनुभव

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना आहे. पॅकेजिंग यंत्रांचे सुटे भाग आम्ही बनवतो, आणि नवे ग्राहक मिळवण्याचा आमचा मुख्य मार्ग म्हणजे गोरेगाव पूर्वेला नेस्कोच्या आवारातील बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये भरणारी औद्योगिक प्रदर्शने. स्टॉल उभा करून घेणे, तो दिवसभर चालवणे आणि शेवटच्या संध्याकाळी सगळे आवरून माल टेम्पोत चढवणे ही जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे बरोबरच्या सहकाऱ्यांच्या मुक्कामाची व्यवस्थाही मीच पाहतो. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही या केंद्राच्या चारही बाजूंच्या हॉटेलांमध्ये राहून पाहिले. त्यावरून माझे मत असे झाले आहे की केवळ किलोमीटर पाहून येथे हॉटेल घेऊ नये; ते केंद्राच्या दक्षिणेला, अंधेरी पूर्वेतील चकाला ते मरोळ या पट्ट्यात आणि मेट्रो स्थानकापासून पायी जाता येईल असे घ्यावे. असे हॉटेल नकाशावर लांब दिसते, पण प्रत्यक्षात तेच जवळ पडते.

याचे कारण रस्त्याच्या रचनेत आहे. नेस्को हे पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पश्चिम बाजूला आहे. अंधेरीकडून बोरिवलीच्या दिशेने जाताना जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याचा चौक मागे टाकला की केंद्र डाव्या हाताला येते आणि गाडी सेवा रस्त्याने सरळ आत जाते. दिंडोशी, मालाड किंवा कांदिवलीहून येणारी गाडी मात्र समोरच्या मार्गिकेवर असते. केंद्र उजवीकडे दिसत असूनही पुढे जाऊन वळसा घेतल्याखेरीज तेथे पोहोचता येत नाही. शिवाय सकाळी उपनगरांतून अंधेरी-वांद्र्याकडे कामाला निघालेल्या लोकांची सगळी गर्दी याच मार्गिकेवर असते, आणि संध्याकाळी ती उलट दिशेने परतते. म्हणजे उत्तरेला राहणारा प्रदर्शक दोन्ही वेळा गर्दीच्या दिशेनेच प्रवास करतो, तर दक्षिणेला राहणारा दोन्ही वेळा तिच्या विरुद्ध दिशेने. सुरुवातीला आम्ही उत्तरेकडच्या एका चांगल्या हॉटेलात राहिलो होतो. खोल्या स्वच्छ होत्या, कर्मचारी नम्र होते आणि त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही; परंतु सकाळी स्टॉलवर वेळेत उभे राहण्यासाठी तेथून जितक्या लवकर निघावे लागे, तितक्या लवकर मरोळहून कधीच निघावे लागले नाही.

मेट्रोमुळे हा फरक आणखी वाढला आहे. ‘मेट्रो ७’ हा मार्ग जानेवारी २०२३ मध्ये अंधेरी पूर्वेच्या गुंदवलीपर्यंत आला, आणि त्याचे गोरेगाव पूर्व हे स्थानक नेस्कोपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. गुंदवलीहून मोगरा, जोगेश्वरी पूर्व आणि मग गोरेगाव पूर्व, म्हणजे तिसऱ्याच स्थानकावर उतरायचे. गुंदवली स्थानक पादचारी पुलाने मेट्रो १ च्या पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकाला जोडलेले आहे, आणि त्याच मार्गावर पुढे चकाला, एअरपोर्ट रोड आणि मरोळ नाका ही स्थानके आहेत. या पट्ट्यात मध्यम दरांची हॉटेले भरपूर आहेत, कारण विमानतळ आणि अंधेरीची औद्योगिक वसाहत या दोन्हींचे पाहुणे तेथे वर्षभर उतरतात. प्रदर्शन संध्याकाळी सहाच्या सुमारास संपते, तेव्हा हजारो लोक एकाच वेळी बाहेर पडतात; प्रवेशद्वारापाशी रिक्षा मिळत नाही, ॲपवरची गाडी स्वीकारली गेली तरी महामार्गावरून आत वळेपर्यंत बराच वेळ जातो, आणि दिवसभर काँक्रीटवर अंथरलेल्या पातळ गालिच्यावर उभे राहून पाय भरून आलेले असतात. अशा वेळी मेट्रोकडे चालू लागणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो. आमच्या महिला सहकाऱ्यांनीही याच व्यवस्थेला पसंती दिली, कारण गाडीची वाट पाहत सेवा रस्त्याच्या कडेला थांबावे लागत नाही.

सांगली-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना याचा आणखी एक फायदा आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरल्यावर पश्चिमेला येऊन मेट्रो ३ ने थेट मरोळ नाक्याला जाता येते. हा टप्पा मे २०२५ मध्ये सुरू झाला, आणि तेव्हापासून लोकलच्या गर्दीत बॅगा सांभाळण्याचा प्रसंग आमच्यावर फारसा आला नाही. मात्र गाडी सकाळी पोहोचते आणि हॉटेलची खोली बहुधा दुपारी बारा किंवा दोन वाजता मिळते. म्हणून आरक्षण करतानाच फोनवर विचारून घ्यावे की आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर सकाळी देतील का, आणि नसेल तर निदान बॅगा ठेवून हातपाय धुण्याची सोय होईल का. चकाल्याजवळच्या एका हॉटेलात व्यवस्थापकांनी आम्हाला तळमजल्यावरची एक छोटी खोली कपडे बदलण्यासाठी उघडून दिली होती. एवढ्या एका सोयीमुळे आम्ही त्या हॉटेलात पुन्हा पुन्हा उतरलो.

पश्चिमेकडील हॉटेलांबद्दल सांगायचे तर, अंधेरी पश्चिम किंवा गोरेगाव पश्चिम येथून नेस्को जवळ वाटते, पण मध्ये रेल्वे रुळ आहेत आणि गाडीने ते ओलांडण्याचे मार्ग मोजके आहेत. पावसाळ्यात अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जाऊन बंद होतो, आणि मग सगळी वाहतूक पुलांवर येते. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला होता, तो मे २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्यामुळे परिस्थिती सुधारली आहे, तरी जोराच्या पावसात मी या पर्यायावर अवलंबून राहणार नाही. आझादनगर किंवा डी. एन. नगर स्थानकाच्या अगदी जवळचे हॉटेल असेल तर गोष्ट वेगळी, कारण मेट्रो १ रुळांवरून पलीकडे नेते. ज्यांना लोकलच सोयीची वाटते त्यांच्यासाठी राम मंदिर स्थानक आहे. तेथे धीम्या लोकल थांबतात, आणि पूर्वेला बाहेर पडल्यास महामार्ग न ओलांडता नेस्कोला चालत जाता येते. पवईची हॉटेले प्रशस्त आणि तलावाकाठची असली तरी जोडरस्त्यावर मेट्रो ६ चे काम चालू असल्यामुळे प्रदर्शनाच्या दिवसांत तेथून ये-जा करणे मला परवडण्यासारखे वाटत नाही.

हॉटेलच्या आत काय पाहावे, याबाबत पहिला क्रमांक मी न्याहारीच्या वेळेला देईन. प्रदर्शकांना अभ्यागतांच्या आधी सभागृहात जावे लागते; स्टॉलवरची धूळ पुसणे, यंत्र जोडून चालवून पाहणे, माहितीपत्रके मांडणे ही कामे दरवाजे उघडण्यापूर्वी उरकायची असतात. न्याहारी साडेसातला सुरू होणार असेल आणि प्रत्यक्षात आठला गरम पदार्थ येणार असतील, तर दरात धरलेली ती न्याहारी आपल्या उपयोगाची नाही. मरोळच्या एका साध्या हॉटेलात आम्ही आदल्या रात्री सांगून ठेवले की पावणेसातला पोहे आणि चहा तयार असे, आणि उकडलेली अंडी कागदात बांधून मिळत. तेथील न्याहारीत मोजकेच पदार्थ होते, पण ते वेळेवर मिळत होते.

दुसरी बाब खाटांची. सहकारी मिळून खोली घेतात तेव्हा दोन स्वतंत्र खाटा हव्या असतात, आणि संकेतस्थळावर त्या मागितल्या तरी ती केवळ विनंती धरली जाते. हॉटेलला थेट फोन करून नोंद करून घेणे आवश्यक आहे. महामार्गाच्या बाजूची खोली रात्रभर आवाजाची असते आणि सहारच्या बाजूला विमानांचा आवाज येतो, म्हणून मागच्या बाजूची खोली मागावी. इस्त्री मागितल्यावर मिळते का, गरम पाणी सकाळी सहाला असते का, हेही विचारावे. वाय-फायचा वेग मात्र सगळीकडे पुरेसा होता. रात्री दरपत्रके पाठवताना कोठेही अडचण आली नाही.

दर आणि कर यांबद्दल थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल. मोठे प्रदर्शन असले की या भागातील दर चढतात, आणि जसजशी तारीख जवळ येते तसतसे आणखी चढतात. म्हणून स्टॉलचे वाटप पक्के झाले की त्याच दिवशी, रद्द करता येईल अशा अटीवर, आरक्षण करणे मी श्रेयस्कर मानतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, आणि त्यावरील दराच्या खोलीवर तो १८ टक्केच राहिला. त्यामुळे ७,५०० च्या जरा खाली आणि जरा वर असलेल्या दोन खोल्यांच्या अंतिम बिलात आता पूर्वीपेक्षा बराच अधिक फरक पडतो. हॉटेलच्या मुक्कामावरील कर हॉटेल ज्या राज्यात असेल तेथलाच लागतो. आमची नोंदणी महाराष्ट्रात असल्याने मुंबईतील बिलावरच्या कराची वजावट आम्हाला मिळते, पण हैदराबाद किंवा दिल्लीच्या प्रदर्शनातील मुक्कामावर ती मिळत नाही. त्यासाठी बिल संस्थेच्या नावाने आणि तिच्या जीएसटी क्रमांकासह हवे, आणि ही माहिती खोली घेतानाच स्वागतकक्षात लिहून द्यावी. एका हॉटेलात निघताना बिल व्यक्तीच्या नावाने निघाले होते, आणि ते बदलून मिळेपर्यंत आमच्या लेखापालांना बरेच दिवस पत्रव्यवहार करावा लागला.

शेवटच्या दिवसाचा प्रश्न अजूनही पूर्णपणे सुटलेला नाही. प्रदर्शन संपल्यावर स्टॉल उतरवणे, मालाचा गेटपास घेणे आणि टेम्पो आत येण्याची वाट पाहणे यात रात्रीचे दहा-अकरा सहज वाजतात, तर मेट्रोही अकराच्या आसपास थांबते. खोली मात्र सकाळीच सोडलेली असते. काही हॉटेले बॅगा ठेवून घेतात पण रात्री आंघोळीची सोय करत नाहीत, काही अर्ध्या दिवसाचे भाडे घेऊन खोली देतात. आम्ही सध्या शेवटच्या रात्रीसाठी एकच खोली वाढवून घेतो, त्या खोलीत सगळ्यांच्या बॅगा ठेवतो, आणि आवराआवर झाल्यावर तेथे आंघोळ व जेवण उरकून पहाटे सांगलीकडे निघतो. अर्ध्या दिवसाचे भाडे किती घेणार हे आरक्षणाच्या वेळीच लेखी सांगणारे हॉटेल मला या पट्ट्यात आतापर्यंत एकच मिळाले आहे, आणि पुढच्या प्रदर्शनासाठी आम्ही तेथेच खोल्या सांगून ठेवल्या आहेत.